वडी देताना वेष्टनही द्यावे

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की चेंबूर स्थानकाबाहेरच्या बाजारपेठेचा वास बदलतो. उटण्याच्या पुड्या, सुगंधी तेलाच्या बाटल्या आणि साबणांच्या चळती दुकानांच्या पायऱ्यांपर्यंत येतात. एकेकाळी घरात एकच साबण असे आणि तो घरातील सर्वांचा असे. आता न्हाणीघराच्या फळीवर माणसागणिक वडी दिसते. कोणाला चंदन आवडते, कोणाला कडुनिंब, कोणाला कोळशाची काळी वडी, तर कोणाला बकरीच्या दुधाची पांढरी.

या नव्या साबणांबरोबर एक गोड रीतही रुजली आहे. मैत्रिणी मिळून निरनिराळ्या वड्या आणतात, ताणलेल्या दोऱ्याने त्यांचे तुकडे करतात, बटर पेपरात गुंडाळतात आणि एकमेकींना देतात. महागडी वडी एकटीने घेणे जिवावर येते; सहा जणींनी सहा प्रकार आणून वाटून घेतले तर एकीच्या खर्चात सहांचा अनुभव मिळतो. व्यापारी घरात वाढलेल्या स्त्रियांना हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. शिवाय सुगंधी वस्तू एकटीने वापरण्यापेक्षा चौघींत वाटण्यातच तिचा आनंद अधिक असतो.

येथे एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. दुपारच्या चहाला मैत्रिणी जमल्या आहेत. यजमानीण कागदात गुंडाळलेला एक तुकडा पुढे करते. "हा घ्या भाभी, माझ्या भाचीने परदेशाहून आणलाय. वास पाहा किती मंद आहे!" तुकडा घरी जातो. सासूबाईंना तो आवडतो. त्या रात्रीचे अन्न न घेणाऱ्या, मध वर्ज्य मानणाऱ्या, पाणी गाळून वापरणाऱ्या. महिनाभर त्या त्याच साबणाने स्नान करतात. पुढे कधीतरी भाची पुन्हा तसाच साबण घेऊन येते, या वेळी खोक्यासह, आणि घरातील शाळकरी मुलगा खोक्यावरील बारीक अक्षरे मोठ्याने वाचतो: सोडियम टॅलोएट. "म्हणजे काय हो आजी?" मोबाईल क्षणात उत्तर देतो. प्राण्याच्या चरबीपासून केलेला साबण.

प्रसंग कल्पित असला तरी अशक्य नाही. यात खोटे कोणी बोलले नाही, कोणाचा हेतू वाईट नव्हता. देणारीने प्रेमाने दिले, घेणारीने विश्वासाने घेतले. चूक एवढीच झाली की वडी वाटली गेली आणि वेष्टन कचऱ्याच्या डब्यात गेले.

साबणाच्या पोटात काय असते

साबणाचे मूळ सूत्र दोन पदार्थांचे आहे: एक स्निग्ध पदार्थ आणि एक क्षार. तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात मिसळली की रासायनिक क्रिया होऊन साबण आणि ग्लिसरीन तयार होते. स्निग्ध पदार्थ कोठून आला याची या क्रियेला पर्वा नसते. खोबरेल, पाम, ऑलिव्ह, एरंडेल, मोहाचे तेल चालते, तशीच गुरांची वा डुकराची चरबीही चालते. कारखानदाराच्या दृष्टीने चरबीत काही सोयी आहेत. ती मांस उद्योगाचा उपपदार्थ म्हणून मिळते, तिची वडी घट्ट होते आणि पाण्यात लवकर झिजत नाही. म्हणूनच युरोप-अमेरिकेतील साबणात तिचा वापर दीर्घकाळ सर्रास होत आला.

तयार वडी हाती घेतली तर ती तेलाची की चरबीची, हे रंगावरून वा वासावरून ओळखता येत नाही. 'सौम्य', 'नैसर्गिक', 'पारंपरिक', 'हाताने बनवलेला' हे शब्द त्याचे उत्तर देत नाहीत. चरबीही नैसर्गिकच असते आणि तिच्यापासून हातानेही साबण बनवता येतो. उत्तर मिळते ते केवळ घटकांच्या यादीत.

चरबीवाचून साबण करण्याची कल्पना मात्र जुनी आहे. सीरियातील अलेप्पो शहराचा साबण ऑलिव्ह आणि लॉरेल या दोन तेलांपासून शतकानुशतके बनत आला आहे. २०२४ साली युनेस्कोने या कलेची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६८८ साली आज्ञापत्र काढून मार्सेच्या साबणात प्राण्यांची चरबी वापरण्यास मनाई केली होती. त्यामागे जीवदयेचा विचार नव्हता. मालाचा दर्जा आणि बाजारातील नाव टिकवण्याचा होता. तरी त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: केवळ वनस्पतीच्या तेलापासून उत्तम साबण होऊ शकतो आणि तो जगभर विकलाही जाऊ शकतो.

चेंबूरच्या शेजारी घडलेली गोष्ट

चेंबूरकरांना या विषयाचा धागा शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पूर्व द्रुतगती मार्गाने घाटकोपर ओलांडले की विक्रोळी येते आणि विक्रोळी म्हटले की गोदरेज. या उद्योगाचे संस्थापक अर्देशिर गोदरेज १८९७ साली कुलुपे बनवू लागले. पुढे स्वदेशीच्या भावनेने ते साबणाकडे वळले. बाजारात विलायती साबणाचे राज्य होते आणि त्या साबणात चरबी असे. हिंदू, जैन आणि मुसलमान अशा साऱ्याच समाजांतील अनेकांना ती या ना त्या कारणाने अग्राह्य होती. अर्देशिर यांनी वनस्पती तेलापासून साबण करण्याचा ध्यास घेतला. १९१८ च्या सुमारास त्यांचा 'चावी' छापाचा धुण्याचा साबण आला आणि त्यानंतर अंगाला लावण्याचा 'नंबर २'.

'नंबर १' आधी न येता 'नंबर २' का आला, याची एक कथा नेहमी सांगितली जाते. दुसरा क्रमांक इतका चांगला तर पहिला किती चांगला असेल, असे गिऱ्हाईकाला वाटावे, हा त्यामागचा व्यापारी चाणाक्षपणा. 'नंबर १' नंतर आलाच. रवींद्रनाथ टागोरांसारख्या व्यक्तीने या साबणाची शिफारस केली. ज्या गोष्टीला आज 'शाकाहारी सौंदर्यप्रसाधन' म्हणतात, ती मुंबईच्या एका पारशी उद्योजकाने शंभर वर्षांपूर्वी मालाच्या केंद्रस्थानी ठेवली होती. येथे व्यापार आणि संयम परस्परांच्या आड आले नाहीत. ग्राहकाच्या श्रद्धेला मान देणे हाच धंद्याचा पाया झाला.

चेंबूर आणि साबण यांचा दुसरा धागा चित्रपटाचा आहे. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओशी जोडलेल्या, १९५१ च्या 'आवारा' या चित्रपटात राज कपूर यांच्या आईची भूमिका लीला चिटणीस यांनी केली. याच लीलाबाई १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. तोवर साबण हा स्वच्छतेचा पदार्थ होता; चित्रतारकांच्या चेहऱ्याने तो सौंदर्याचा पदार्थ झाला. पुढे २०१९ मध्ये त्याच स्टुडिओची जागा गोदरेज समूहाच्या गृहबांधणी कंपनीने विकत घेतली, हा काळाचा एक योगायोग.

जाहिरातीच्या या प्रवासात एक गोष्ट हरवली. अर्देशिर यांच्या काळी ग्राहक 'यात काय आहे' असे विचारत असे. चित्रतारकेच्या काळात तो 'हा कोण वापरते' असे विचारू लागला. मैत्रिणींच्या वाटणीतही आज हेच घडते. मैत्रीण वापरते एवढ्यावर विश्वास ठेवला जातो आणि पहिला प्रश्न मागे पडतो.

देशी वड्यांची परंपरा

विशिष्ट साबणांची आवड परदेशी वस्तूंनीच लावली असे मात्र नाही. पहिल्या महायुद्धात चंदनाची युरोपकडे होणारी निर्यात थांबली तेव्हा म्हैसूर संस्थानाने १९१६ साली चंदनतेलाचा कारखाना काढला आणि त्यातूनच म्हैसूर सँडल साबणाचा जन्म झाला. केरळात सी. आर. केशवन वैद्यर यांनी १९४० साली 'चंद्रिका' आणली. चेन्नईत डॉ. व्ही. पी. सिद्धन यांनी १९६९ साली 'मेडिमिक्स' बनवला. बंगालमध्ये कलकत्ता केमिकल कंपनीने कडुनिंबाचा 'मार्गो' घरोघरी नेला. महाराष्ट्रात नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाशी टाटा ऑइल मिल्सच्या 'मोती' साबणाचे नाव असे जोडले गेले की कंपनी पुढे हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली तरी तो गोल, जाड, खोक्यातील साबण दिवाळीच्या यादीतून गेला नाही.

आणि साबणाच्याही आधी उटणे होते, डाळीचे पीठ होते, रिठा आणि शिकेकाई होती. त्या काळी आजीच्या हातचे उटणे शेजारच्या चार घरी जाई आणि त्यात काय घातले आहे हे चारही घरांना ठाऊक असे, कारण ते सर्वांच्या डोळ्यांदेखत कुटले जाई. वस्तू कारखान्यात गेली तेव्हा हे डोळ्यांदेखतचे ज्ञान संपले. त्याची जागा वेष्टनावरील छापील ओळींनी घेतली. म्हणून वेष्टन ही केवळ शोभा नव्हे. ती आजीच्या खलबत्त्याची आजची साक्ष आहे.

वेष्टन वाचावे कसे

घटकांची यादी इंग्रजीत व बारीक अक्षरांत असते, त्यामुळे ती वाचण्याचा कंटाळा येतो. प्रत्यक्षात थोडेच शब्द ओळखता आले तरी काम भागते. सोडियम टॅलोएट म्हणजे गुरामेंढरांच्या चरबीचा साबण. सोडियम लार्डेट म्हणजे डुकराच्या चरबीचा. सोडियम पामेट आणि सोडियम पाम कर्नलेट ही पामची, सोडियम कोकोएट हे नारळाचे, सोडियम ऑलिव्हेट हे ऑलिव्हचे आणि सोडियम कॅस्टरेट हे एरंडेलाचे रूप. केवळ 'सोप बेस' किंवा 'सोप नूडल्स' एवढेच लिहिले असेल तर मूळ कळत नाही. अशा वेळी वेष्टनावरच्या ग्राहकसेवा क्रमांकावर विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

काही घटक दोन्हीकडून येऊ शकतात. ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड वनस्पतीचेही असते आणि चरबीचेही. 'व्हेजिटेबल ग्लिसरीन' असा स्पष्ट उल्लेख असेल तर शंका मिटते. याशिवाय लॅनोलिन हे मेंढीच्या लोकरीतील मेण, बीजवॅक्स हे मधमाश्यांच्या पोळ्याचे मेण, कार्माइन हा किड्यांपासून मिळणारा लाल रंग आणि सिल्क प्रोटीन हे रेशमाचे प्रथिन. मधाचा साबण अलीकडे फार लोकप्रिय आहे. जैन परंपरेत मध आहारात वर्ज्य मानला आहे. तो अंगाला लावावा की नाही, हा प्रत्येक कुटुंबाच्या नियमाचा भाग आहे. दुधाच्या साबणाबाबतही घराघरांत मत वेगळे असते. ज्याचा निर्णय त्याने घ्यावा. परंतु निर्णय घेण्यासाठी त्याला माहिती तरी मिळाली पाहिजे.

व्यापारी कुटुंबांना आवडेल असा वेष्टनाचा दुसरा भाग म्हणजे दर्जाची नोंद. भारतीय मानकांनुसार अंगाच्या साबणाचे तीन दर्जे आहेत आणि ते टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्ध अंशाच्या प्रमाणावर ठरतात. पहिल्या दर्जासाठी किमान ७६ टक्के, दुसऱ्यासाठी ७० आणि तिसऱ्यासाठी ६० टक्के. ज्यावर 'बेदिंग बार' लिहिलेले असते त्याचे मानक वेगळे असून त्यात हे प्रमाण किमान ४० टक्के असले तरी चालते. दोन वड्या सारख्याच सुवासिक आणि सारख्याच किमतीच्या असल्या तरी एकीत साबणाचा खरा ऐवज दुसरीच्या पाऊणपटदेखील नसू शकतो. वजनासमोर 'पॅक करताना' असे लिहिलेले असते, तेही अकारण नव्हे. साबणातील पाणी उडत जाते आणि जुनी वडी वजनाला हलकी भरते.

हिरव्या ठिपक्याची कथा

खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहार दर्शवणारा हिरवा ठिपका २००१ पासून दिसू लागला आणि जैन गृहिणींचे मोठे ओझे हलके झाले. सौंदर्यप्रसाधनांबाबत तसे सोपे झाले नाही. या विषयावर भारतात चिकाटीने काम करणारी संस्था पुण्याची आहे. ब्रिटनमध्ये १९५९ साली लेडी डाउडिंग यांनी 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही चळवळ सुरू केली. तिची भारतीय शाखा १९७४ साली डायना रत्नागर यांच्या पुढाकाराने पुण्यात स्थापन झाली. क्रौर्याविना सौंदर्य, हा तिच्या नावातच असलेला विचार जैन वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही.

२०१४ साली दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास भारतात बंदी आली आणि त्याच वर्षी अशा चाचणीतून आलेल्या प्रसाधनांच्या आयातीवरही बंदी आली. तसेच साबण, शांपू, टूथपेस्ट यांच्या वेष्टनावर हिरवा अथवा तांबडा-तपकिरी ठिपका देण्याचा नियम वैधमापन खात्याच्या नियमावलीत आणला गेला. या ठिपक्याच्या नियमाला उत्पादकांकडून न्यायालयात आव्हान मिळाले. त्यामुळे आज काही साबणांवर ठिपका दिसतो, काहींवर दिसत नाही. ठिपका नाही म्हणून साबण चरबीचाच, असे समजू नये. आणि ठिपका नाही म्हणून चिंता नाही, असेही समजू नये. परदेशातून सामानात आलेल्या वडीवर तर हा ठिपका असण्याचा प्रश्नच नसतो. तेथे घटकांची यादी हाच एकमेव आधार.

१९८३ साली वनस्पती तुपात चरबीची भेसळ झाल्याचे प्रकरण देशभर गाजले होते. जुन्या पिढीतील व्यापाऱ्यांना तो काळ आठवत असेल. त्या वेळी ग्राहकाचा संताप केवळ भेसळीबद्दल नव्हता. आपल्याला न सांगता आपला नियम मोडायला लावला, याबद्दल होता. दुकानदाराकडून ज्या प्रामाणिकपणाची अपेक्षा आपण करतो, तीच अपेक्षा घरच्या भेटवस्तूकडून करणे अवाजवी नाही.

एका वडीचे अनेक हात

मैत्रिणींत साबण वाटण्याबाबत आरोग्याची शंकाही घेतली जाते. एकीने वापरलेली वडी दुसरीने वापरली तर जंतू जातात का? या प्रश्नावर १९६५ साली अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्याच्या एका नियतकालिकात अभ्यास प्रसिद्ध झाला आणि १९८८ साली साबण उद्योगातील संशोधकांनी आणखी एक प्रयोग केला. वड्यांवर मुद्दाम जंतू सोडून १६ जणांना त्यांनी हात धुवायला लावले. धुतलेल्या हातांवर ते जंतू आढळले नाहीत. फेसाबरोबर ते वाहून जातात. म्हणून वडीची भीती बाळगण्याचे कारण नाही. तरीही वडी जाळीच्या साबणदाणीत कोरडी राहावी, हे मुंबईच्या दमट हवेत विशेष पाळावे. कोणाच्या त्वचेवर जखम वा संसर्ग असेल तर तिची वडी वेगळीच असावी.

वाटणीसाठी तुकडे करायचे तर ते वडी वापरण्याआधीच करावेत, म्हणजे शंकेला जागा राहत नाही. ग्लिसरीनचे पारदर्शक साबण पावसाळ्यात हवेतील ओलावा शोषून घेतात आणि त्यांवर घामासारखे थेंब येतात. असे तुकडे घट्ट डबीत द्यावेत.

साबणाला लागू असलेली ही मोकळीक इतर प्रसाधनांना लागू नाही. काजळ, मस्कारा, आयलायनर ही डोळ्यांची साधने कोणाशीही वाटू नयेत. डोळे येण्याचा संसर्ग त्यांतून पसरतो. लिपस्टिकने ओठांवरील नागीण एकीकडून दुसरीकडे जाऊ शकते. डबीतील क्रीम द्यायचे असेल तर बोटाने न काढता स्वच्छ चमच्याने वेगळ्या डबीत काढून द्यावे. लग्नघरात एकाच काजळकांडीने दहा मुलींचे डोळे रेखले जातात. ती हौस आता आवरायला हवी.

नव्या साबणाची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, विशेषतः तीव्र सुगंधाची. कोपराच्या आतील बाजूस थोडा फेस लावून धुवावा आणि एक-दोन दिवस पाहावे. लाली वा खाज आली तर तो तुकडा बाजूला ठेवावा. साबण क्षारधर्मी असतो आणि त्वचा किंचित आम्लधर्मी. कोरड्या त्वचेच्या ज्येष्ठांनी म्हणूनच साबण बेताने वापरलेला बरा. पाण्याचाही फरक पडतो. मुंबईचे तलावाचे पाणी मृदू असल्याने येथे भरपूर फेस होतो. हीच वडी कच्छ किंवा मारवाडातील गावी भूजलात वापरली की फेस रुसतो आणि बादलीच्या कडेला पांढरट साय जमते. त्यात साबणाचा दोष नसतो. जड पाण्यातील कॅल्शियमचा तो परिणाम.

घरी बनवलेली वडी

वेष्टनाची शंका नको म्हणून अनेक जणी घरीच साबण बनवू लागल्या आहेत. हा छंद सुंदर आहे, पण स्वयंपाकाइतका निरुपद्रवी नाही. कॉस्टिक सोडा त्वचा आणि डोळे जाळतो. सोडा नेहमी पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. हातमोजे आणि चष्मा हवाच. ॲल्युमिनियमचे भांडे चालत नाही, कारण सोड्याची त्याच्याशी क्रिया होते. लहान मुले घरात असताना हे काम करूच नये. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो: खोबरेल तेलाच्या १०० ग्रॅमला सुमारे १८ ग्रॅम, तर एरंडेलाच्या १०० ग्रॅमला सुमारे १३ ग्रॅम. अंदाजाने माप घेतले तर वडीत सोडा शिल्लक राहतो आणि अंगाची आग होते. थंड पद्धतीने केलेली वडी चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरू द्यावी लागते. तयार साबणाचा बेस वितळवून साच्यात ओतण्याचा मार्ग सोपा आहे. मात्र तेथे पुन्हा बेस कशाचा, हा प्रश्न विचारावाच लागतो.

मैत्रिणींसाठी केलेली वडी लोकांना आवडली की ती विकण्याचा विचार मनात येतो. व्यापारी घरात तो न आला तरच नवल. येथे कायदा लक्षात ठेवावा. साबण हे कायद्याच्या दृष्टीने सौंदर्यप्रसाधन आहे आणि २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार विक्रीसाठी उत्पादन करायचे तर परवाना लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. प्रदर्शनात टेबल मांडण्यापूर्वी तेथे चौकशी केली तर पुढचा मनस्ताप वाचतो.

चिठ्ठीचा छोटा नियम

या साऱ्याचा व्यवहारातील सार अगदी लहान आहे. वडीचा तुकडा देताना त्याबरोबर वेष्टन द्यावे. तुकडे अनेक असतील तर वेष्टनावरील यादीचे छायाचित्र मोबाईलवर पाठवावे. घरी केलेला साबण असेल तर कागदाच्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाव्यात: कोणती तेले, प्राणिजन्य काही आहे का, सुगंध कोणता आणि बनवल्याची तारीख. महिला मंडळाच्या स्नेहमेळाव्यात किंवा प्रभावनेत साबण वाटायचे ठरले, तर खरेदी करणाऱ्या भगिनीने घाऊक दुकानात आधी यादी वाचावी आणि मगच दराची घासाघीस करावी.

नकळत झालेल्या चुकीसाठी 'मिच्छा मि दुक्कडं' म्हणण्याची वाट परंपरेने मोकळी ठेवली आहे. कल्पिलेल्या प्रसंगातील यजमानीणही ते म्हणेल आणि भाभी हसून विषय संपवतील. आजींच्या मनात मात्र त्यानंतर मैत्रिणींकडून आलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल थोडी धास्ती राहील. नुकसान साबणाचे होत नाही. एका घरून दुसऱ्या घरी निःशंक मनाने वस्तू जाण्याच्या सवयीचे होते. व्यापारात पत गेली की माल परत घेऊन ती भरून येत नाही, हे ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

तोच प्रसंग वेष्टनासह घडला असता तर चहाच्या त्या टेबलावर एवढेच बोलणे झाले असते: "भाभी, हा वासाला फार छान आहे, पण यात चरबी आहे, वाचा पाहू. तुमच्याकडे चालणार नाही. तुम्ही हा नारळाच्या तेलाचा घ्या, आजींनाही देता येईल."